ख्रिस्ती शाळेचं अध्यात्म परिपाठात की नववीच्या वर्गात?

वसईच्या कट्ट्यावर वाद सुरू झाला तो बंटीच्या एका वाक्यावरून. ख्रिस्ती शाळेत जर बहुतेक मुलं ख्रिस्ती नसतील, तर प्रार्थनेचा हट्ट कशाला?

"भारतातल्या कॅथलिक बिशप परिषदेनंच २०२४ साली कॅथलिक शाळांना कळवलंय," तो म्हणाला, "इतर धर्मांच्या मुलांवर आपल्या परंपरा लादू नका, परिपाठात संविधानाची उद्देशिका म्हणा. मग विषय मिटला की!"

"अर्धंच वाचलंयस," वकील म्हणाला. "सर्वधर्मीय प्रार्थनाखोली ठेवा, हेही त्यातच आहे. लादू नका म्हणजे काढून टाका असं नाही. संविधानाचं कलम ३० अल्पसंख्याकांना शाळा चालवायचा हक्क देतं आणि कलम २८(३) त्याला कुंपण घालतं. मान्यताप्राप्त किंवा अनुदानित शाळेत मुलाला धर्मशिक्षणाला वा उपासनेला बसवायचं तर पालकांची संमती हवी. घोळ इथे होतो. प्रवेशअर्जाच्या तळाशी 'सर्व नियम मान्य' म्हणून सही घेतात आणि तीच संमती धरून चालतात. धर्मशिक्षण, मिस्सा म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, परिपाठातली प्रार्थना, तिन्हींचं हो-नाही वेगळं विचारावं आणि दरवर्षी विचारावं. 'नाही' म्हणणारं मूल त्या वेळात कुठे बसेल, कोणाच्या देखरेखीखाली, हेही लिहून ठेवावं. व्हरांड्यात उभं केलं की ती शिक्षाच होते."

ताईला हे पटलं, पण पुरेसं वाटलं नाही. "कॅथलिक मुलं धर्मशिक्षणाला, बाकीची मूल्यशिक्षणाला, ही वाटणी कागदावर छान दिसते. प्रत्यक्षात मूल्यशिक्षण ज्या शिक्षकाचे तास कमी भरतात त्याच्या गळ्यात पडतं आणि सहामाही जवळ आली की तो तास गणिताला जातो. शाळेला खरं महत्त्व कशाचं, ते मुलं तिथेच ओळखतात."

"म्हणून सगळ्या वर्गाने एकत्र करायचं काहीतरी हवं," मास्तर म्हणाले. "जेझुइट या कॅथलिक धर्मसंघाच्या शाळांत आत्मपरीक्षण करतात ना, तसं. क्रम संघाचे संस्थापक संत इग्नेशियस यांचा, सोळाव्या शतकातला. आधी आभार, मग आपलं वागणं आपल्याला नीट दिसावं म्हणून मागणं, मग दिवसाची उजळणी, चुकलं त्याची कबुली, शेवटी पुढचा निश्चय. मागणं ज्याने त्याने आपल्या देवाकडे करावं. देव न मानणाऱ्याने नुसतं गप्प बसावं. मधल्या सुट्टीनंतर पाच मिनिटं पुरतात. पहिलं मिनिट स्थिरस्थावर व्हायला, दोन मिनिटं उजळणीला, उरलेली दोन बाकी पायऱ्यांत. शिक्षकाने प्रत्येक पायरीला एकच वाक्य बोलायचं आणि थांबायचं."

"थांबतं कोण?" ताई म्हणाली.

"तिथेच बिघडतं. शांतता सहन होत नाही म्हणून शिक्षक बोलत सुटतो, 'आज कोणी दंगा केला ते आठवा' म्हणतो आणि त्याची झडती होते. काही जण मुलांना उभं करून मनातलं सांगायला लावतात. दुसऱ्या दिवसापासून मुलं शिक्षकाला आवडेल ते रचतात. कधी सूचना ऑफिसच्या स्पीकरवरून येतात आणि वर्गशिक्षक वह्या तपासत असतो. त्यानेही डोळे मिटून बसायलाच हवं. शेवटच्या तासाला तर हे ठेवूच नये, दप्तरं भरलेली असतात."

"पण मास्तर, हे कुठल्याही शाळेत चालेल. यात ख्रिस्ती काय?" बंटीने विचारलं.

"चौथी पायरी. चुकलं ते कबूल करायचं, तरी आपल्याला कोणी टाकलेलं नाही, ही खात्री ठेवायची. क्षमा मिळते, हा विश्वास वर्गात आणता आला तर प्रार्थनेचे शब्द कुठले, यावर मी भांडणार नाही."

"मग नववीचं बोला," ताईचा आवाज चढला. "दोन विषयांत अडकलेल्या मुलाच्या पालकांना बोलावून 'दुसरी शाळा बघा' सांगायचं, म्हणजे दहावीचा निकाल शंभर टक्के. त्याच शाळेत बायबलातली, हरवलेलं एक मेंढरू शोधायला निघालेल्या मेंढपाळाची गोष्ट शिकवायची! ते पोर क्षमेचं काय शिकलं?"

मास्तर लगेच बोलले नाहीत. मग म्हणाले, "१९७३ साली स्पेनमधल्या व्हॅलेन्सियात जेझुइटांचे प्रमुख पेद्रो आरुपे यांनी माजी विद्यार्थ्यांसमोर कबूल केलं होतं, की न्यायासाठी आम्ही तुम्हाला घडवलं नाही. श्रोत्यांत बरेच जण सुखवस्तू घरांतले होते, कित्येकांना ते झोंबलं. आपल्या संस्थाचालकांनीही तेवढं बोलावं."

"बोलून भागणार नाही," ताई म्हणाली. "दहावीच्या निकालाच्या फलकावर शेजारीच लिहा, या तुकडीतली किती मुलं नववीतून दाखला घेऊन गेली."

"शाळा लिहिणार नाही," बंटी म्हणाला.

"जनरल रजिस्टरमध्ये प्रत्येक दाखल्याची तारीख आणि कारण असतं," वकील म्हणाला. "पालक-शिक्षक संघाच्या सभेत आकडा मागा. कारणाच्या रकान्यात 'पालकांची विनंती' असेल, तर ती विनंती करायला कोणी सांगितलं, हे त्याच पालकांना विचारा."