कांजिण्या खपल्यांनी पसरतात का? गटागटांतून फिरणाऱ्या संदेशाचा प्रतिवाद

माघ-फाल्गुन लागला की मराठवाड्यातल्या गावोगावच्या व्हॉट्सॲप गटांवर कांजिण्यांविषयीचा एक संदेश फिरू लागतो. यंदा तो मला एकाच आठवड्यात चार गटांवर आला आणि त्यांतला एक गट आमच्या शाळेतल्या पालकांचा होता. त्यातील सांगणे थोडक्यात असे: कांजिण्या म्हणजे आईचे येणे, म्हणून औषध देऊ नये, अंगातली उष्णता बाहेर पडत असते, म्हणून आंघोळ घालू नये, रोग फक्त खपल्या उडू लागल्यावर पसरतो, तोवर लेकराजवळ कोणीही बसावे, आणि एकदा येऊन गेल्या की जन्माची सुटका होते, म्हणून लस न घेता घरातल्या सगळ्या मुलांना एकदमच येऊ द्याव्यात. संदेश पुढे पाठवणाऱ्यांच्या मनात काळजीच असते, हे मला ठाऊक आहे. तरीही यातल्या तिसऱ्या विधानाने होणारी हानी सर्वांत मोठी आहे, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

कांजिण्या व्हॅरिसेला झोस्टर नावाच्या विषाणूमुळे होतात. रुग्णाच्या श्वासातून, खोकल्यातून आणि फोडांतल्या पाण्यातून तो दुसऱ्याकडे जातो. अंगावर पहिले पुरळ दिसण्याच्या १ ते २ दिवस आधीपासूनच, म्हणजे लेकरू नुसते किरकिरे झालेले असते किंवा त्याला बारीक कणकण असते तेव्हापासून, ते इतरांना रोग देऊ लागते, आणि सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत, साधारणतः पुरळ उठल्यापासून ५ ते ७ दिवस, देत राहते. कोरडी खपली गळून पडते तेव्हा तिच्यापासून कांजिण्यांची लागण होत नाही. संदेश ज्या दिवसांत जवळ बसायला मोकळीक देतो तेच दिवस धोक्याचे आहेत, आणि ज्या दिवसांत तो भीती घालतो त्या दिवसांत लेकरू शाळेत यायला हरकत नसते.

मग ही समजूत आली कुठून? माझ्या मते ती देवीच्या रोगातून आली आहे. देवी हा अगदी वेगळ्या विषाणूचा रोग होता, आणि त्याच्या खपल्यांत रोग देणारा विषाणू खरोखरच टिकून राहत असे. शेवटची खपली गळेपर्यंत रुग्णाला वेगळे ठेवणे तेव्हा योग्यच होते. भारतातला देवीचा शेवटचा स्थानिक रुग्ण मे १९७५ मध्ये आढळला आणि ८ मे १९८० रोजी जग देवीमुक्त झाल्याचे जाहीर झाले. रोग गेला, पण त्याचा नियम मागे राहिला आणि कांजिण्यांना चिकटला. दोन्ही रोगांतला फरक अंगावरही दिसत असे. देवीचे फोड चेहऱ्यावर आणि हातापायांवर दाट असत आणि एका भागातले सगळे फोड एकाच अवस्थेत असत. कांजिण्या बहुधा छाती, पाठ आणि चेहऱ्यापासून सुरू होतात, आणि एकाच वेळी कुठे लाल ठिपका, कुठे पाण्याने भरलेला फोड, तर कुठे खपली दिसते.

लागण झाल्यापासून पुरळ उठेपर्यंत १० ते २१ दिवस जातात, त्यामुळे तीन आठवड्यांपूर्वीच्या लग्नघरातला संबंध कोणाच्या लक्षातही येत नाही. एका घरात ज्यांना कांजिण्या आलेल्या नाहीत अशी दहा माणसे असली, तर त्यांतल्या नऊ जणांपर्यंत हा रोग पोहोचू शकतो. बीड, जालना, धाराशिवकडून कोयता घेऊन बाहेर पडलेल्या कुटुंबांचा विचार येथे केलाच पाहिजे. कांजिण्यांचे दिवस आणि साखर कारखान्यांच्या गाळपाचे दिवस बरेचसे एकच असतात. पाचटाच्या कोपीत पाच-सहा माणसे शेजारी शेजारी झोपतात, आणि गावात मागे राहिलेली लेकरे हंगामी वसतिगृहात एका खोलीत असतात. अशा ठिकाणी ‘खपल्या पडेपर्यंत काही होत नाही’ हा सल्ला पोहोचला, तर एका लेकराचे दुखणे सगळ्या कोप्यांचे होते.

आईच्या श्रद्धेविषयी मला वाद घालायचा नाही. दाराला कडुलिंबाचा डहाळा लावण्याचा एक उपयोगही होता: येणाऱ्याला कळत असे की या घरात आत्ता जाऊ नये. डहाळा लावावा, ओटीही भरावी. पण तापाने फणफणलेल्या लेकराला औषध नाकारण्याचे कारण त्यात कुठेही नाही. डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेत पॅरासिटामॉल देता येते, आणि खाजेसाठी कॅलामाइन लोशन लावता येते. ॲस्पिरिन मात्र मुळीच देऊ नये, कारण कांजिण्यांत त्याने मुलांच्या मेंदूला व यकृताला इजा करणारा गंभीर विकार उद्भवू शकतो, आयबुप्रोफेनही टाळावे. मोठ्या माणसांना आणि १२ वर्षांवरील मुलांना हा रोग जास्त छळतो, त्यांच्यासाठी असायक्लोव्हिर हे विषाणूविरोधी औषध आहे. ते पुरळ उठल्यापासून २४ तासांच्या आत सुरू झाले तर अधिक गुणकारी ठरते, म्हणून ‘पाच दिवस बघू’ असे म्हणण्यात तीच वेळ हातची जाते.

आंघोळीचे उत्तर लहान आहे. कोमट पाण्याने अंग धुतल्याने पुरळ ‘आत’ जात नाही. उलट त्वचा स्वच्छ राहते, खाज कमी होते आणि खाजवलेल्या फोडांत पू होण्याचा धोका घटतो. लेकराची नखे कापून ठेवावीत.

जन्माच्या सुटकेचे विधान अर्धे खरे आहे. एकदा कांजिण्या आल्या की दुसऱ्यांदा त्या सहसा येत नाहीत. पण विषाणू शरीरातून जात नाही. तो मज्जातंतूंच्या मुळाशी सुप्त राहतो आणि वयोमानाने किंवा आजारपणाने प्रतिकारशक्ती मंदावली की नागीण होऊन उठतो. नागीण एकाच बाजूला पट्ट्यासारखी येते, कारण ती एका मज्जातंतूच्या वाटेने पसरते. आजोबांच्या नागिणीच्या फोडांतले पाणी लागून नातवाला कांजिण्या येऊ शकतात, हेही फार थोड्यांना माहीत असते.

या रोगावरची लस जपानच्या मिचिआकी ताकाहाशी यांनी १९७४ मध्ये तयार केली; स्वतःच्या मुलाला झालेल्या तीव्र कांजिण्या पाहून ते या कामाकडे वळले होते. लसीचे दोन डोस लागतात आणि पहिला साधारणतः १५ महिन्यांच्या वयात देतात. आपल्याकडच्या मोफत सरकारी लसीकरणात ती नाही, हे मला फार खटकते, कारण कोपीतल्या लेकराला तिची गरज सर्वांत जास्त आहे. गोवर-रुबेलाची मोफत लस दिली म्हणजे कांजिण्यांचीही झाली, असे अनेक पालक समजतात. ते तसे नाही.

आणि ‘सगळ्यांना एकदमच येऊ द्या’ म्हणताना त्या घरात बाळंतपणाला माहेरी आलेली लेक आहे का, हे कोणी विचारत नाही. तिला पूर्वी कांजिण्या आलेल्या नसतील, तर गरोदरपणात तिला न्यूमोनियाचा धोका असतो. पहिल्या २० आठवड्यांत क्वचित बाळात व्यंग येते. आणि प्रसूतीच्या ५ दिवस आधीपासून २ दिवसांनंतरपर्यंत तिच्या अंगावर पुरळ उठले, तर बाळाचा आजार जिवावर बेतू शकतो. गरोदरपणात ही लस देता येत नाही. संपर्कानंतर ठरावीक दिवसांतच देण्याचे प्रतिपिंडांचे इंजेक्शन असते. म्हणून घरात पुरळ दिसताच, तिला स्वतःला काही होत नसले तरी, त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे. चार दिवसांहून अधिक ताप, धाप, सततची उलटी, गुंगी, चालताना तोल जाणे किंवा फोडाभोवती पसरणारी लाली दिसली, तर लेकरालाही तातडीने न्यावे. निघण्याआधी दवाखान्यात फोन करून कांजिण्या असल्याचे कळवावे, कारण बाहेरच्या बाकावर कोणाची तरी दुसरी गरोदर लेक बसलेली असू शकते.