ओलाव्यावर लाल फुली

आज डोकं सटकलंय, त्यामुळं पोस्ट लांबणार. वेळ नसेल त्यांनी लाइक ठोकून पुढं जावं.

संध्याकाळी मार्केट यार्डातून घरी आलो तर पोरगी व्याकरणाची वही घेऊन सहीसाठी दारातच उभी. सहावीत आहे. प्रश्न होता, पाच भाववाचक नामं लिहून वाक्यात उपयोग करा. धैर्य, आनंद, गरिबी, मैत्री या चौघांना बरोबरच्या खुणा. पाचवा शब्द ओलावा. वाक्य असं, ‘आजी रोज भिंतीचा ओलावा हात लावून बघते.’ त्यावर भली मोठी लाल फुली आणि खाली शेरा: स्पर्श करता येतो, म्हणून भाववाचक नाही.

शाळेचं नाव घेत नाही. घ्यायचंही नाही. पण अहो, गोड-गोडवा, गार-गारवा, ओला-ओलावा हे आम्ही गाणं म्हटल्यासारखं पाठ केलेलं. आमच्या गुरुजींनी शिकवलं होतं, वस्तूतला किंवा प्राण्यातला गुण, धर्म, भाव ज्यानं कळतो ते भाववाचक. धर्मवाचक असंही म्हणतात त्याला. यात हात लावायचा संबंध आला कुठून? इंग्रजी ग्रामरच्या गाइडातून उचललं असणार, दुसरं काय! मग गारवा अंगाला लागतो, खारटपणा जिभेला लागतो, तेही खोडा.

ते वाक्य कुठून आलं ते सांगलीच्या गावभागातल्यांना सांगायला नको. ऑगस्ट 2019 चा पूर. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी 45 फूट, आणि पाणी गेलं 57 च्या घरात. आमच्या खोलीत पाण्याची खोली बघायला वडिलांनी माळ्यावरून काठी सोडली, ती मुठीपर्यंत भिजून वर आली. (ही दुसरी ‘खोली’पण भाववाचकच बरं का. उंचीही. फुटात मोजतात म्हणून तिलाही फुली मारणार काय?) पाणी उतरल्यावर चिखल काढला, गाद्या फेकल्या, आणि आईनं रोज सकाळी चहाआधी भिंतीला तळहात लावायला सुरुवात केली. तळहात, मग उलटा हात, मग गाल. “अजून ओलावा हाय. रंगाचं नाव काढू नका.” दिवाळी तशाच पोपडे धरलेल्या भिंतीत झाली.

आता मला सांगा, आईचा हात कशाला लागत होता? भिंतीला. ओलावा कळत होता. एवढा साधा फरक आहे.

मी हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी. आमच्याकडं ओलावा रोजचा. हळकुंड घ्यायचं, कानाजवळ धरून मोडायचं. टणकन वाजलं तर वाळलेलं, नुसतंच वाकलं तर ओलं. आता मशीन आलंय, आकडा दाखवतं, 12 टक्क्यांच्या वर गेला की व्यापारी तोंड वाकडं करतो. म्हणजे कानानं ऐकतात, मशीननं मोजतात, त्यावरून दर पाडतात. पण इतक्या वर्षांत ‘एक किलो ओलावा द्या’ म्हणून कोणी आलेलं नाही. हळकुंड सोडून ओलावा राहतो कुठं?

बरं, बाईंचंही खरं असेल. एका वर्गात साठ पोरं, साठ वह्या, शिवाय वरून आलेली सतरा कामं. मान्य. पण मग शेरा तरी लिहू नये.

आणि तो शब्द आईनं भिंतीपुरता ठेवलाच नव्हता. पुरात आम्ही अकरा दिवस विश्रामबागला होतो, भावाच्या मित्राच्या सासुरवाडीत. म्हणजे कोण कुणाचे? कोणीच नाही. त्या घरातल्या वहिनी पहाटे उठून आमच्या सात जणांच्या भाकरी थापायच्या, आणि आई संकोचली की म्हणायच्या, “मावशी, तुमच्यासाठी नाही, मला सवयच आहे.” निघताना आई त्यांना काही बोलली नाही. रिक्षात बसल्यावर मला म्हणाली, “लई ओलावा आहे रे त्या पोरीत.” त्यानंतर चार दिवसांनी भिंतीवर हात ठेवून तोच शब्द. मला तेव्हा काही वाटलं नाही. आज वही बघताना वाटलं.

आपल्याकडं असल्या गोष्टी पाहुण्यासारख्या वागतात. राग येतो, काळजी लागते, भीती बसते, धीर सुटतो. ‘मी राग करतो’पेक्षा ‘मला राग येतो’च जास्त. मलाही आज आलाय, मी काही बोलवायला गेलो नव्हतो. आता थोडा उतरलाय म्हणा.

भिंतीला दोनदा रंग झाला, तरी पावसाळ्यात पुराची रेघ वर येतेच. आई अजून हात लावते. पोरीनं पुस्तक न बघता, डोळ्यांसमोरचं लिहिलेलं ते एकच वाक्य. बाकीची चार गाइडातली, तिनंच कबूल केलं.

“पप्पा, खोडून सौंदर्य लिहू का?” म्हणाली. नको म्हटलं. सहीही केलेली नाही.

सोमवारी शाळेत जाऊन बाईंना भेटावं का, ते कमेंटमध्ये सांगा. बायको म्हणते, अजिबात जाऊ नका, तुम्ही तिथं खिशातून हळकुंड काढाल.