'लोकसंख्येच्या ओझ्याने भूकंप वाढले' : माझ्या फॉरवर्डबद्दल खुलासा

मंगळवारी आमच्या कोथरूडच्या सोसायटीच्या ग्रुपवर मी एक मेसेज पुढे ढकलला. माणसांच्या आणि टॉवरच्या ओझ्याने जमीन दबतेय, म्हणून जगात भूकंप वाढलेत, आता पुण्याचा नंबर, असा. तो चुकीचा आहे. न तपासता पाठवला, चूक माझी.

७ किंवा त्याहून मोठ्या तीव्रतेचे भूकंप जगात वर्षाला सरासरी १५-१६ होतात. १९०० पासूनच्या नोंदींवरून अमेरिकी भूगर्भ सर्वेक्षण संस्था हेच सांगते. कधी जास्त, कधी कमी. यंत्रं वाढली, त्यामुळे बारीक धक्केही आता मोबाइलवर दिसतात, इतकंच.

माणसाचा हात कधीच नसतो असं मात्र नाही. कोयनेचं उदाहरण आपल्या शेजारचंच. शिवसागर जलाशय भरू लागल्यावर तिथे धक्के सुरू झाले आणि ११ डिसेंबर १९६७ ला मोठा भूकंप झाला. पाण्याचा भार आणि भेगांत शिरलेल्या पाण्याचा दाब यांमुळे आधीच ताणलेला खडक सरकला, असं बहुतेक अभ्यासक मानतात. पण ते अब्जावधी टन पाणी. आमची सातमजली बी विंग नव्हे!

लोकसंख्येने वाढतं ते नुकसान. किल्लारीत १९९३ साली माणसं गेली ती दगडमातीच्या जड घरांखाली. पुराचंही तसंच: पुण्यात २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याच्या पुराने अरण्येश्वर भागात भिंती पाडल्या, कारण ओढ्याच्या काठाला आपण खेटून बसलोय.

तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर तिथेच हा खुलासा टाका.