गॉफमन यांनी माणसाला ढोंगी म्हटलं नव्हतं

‘प्रत्येक माणूस मुखवटा घालून वावरतो, खरं कुणीच नसतं, हे समाजशास्त्रज्ञ अर्व्हिंग गॉफमन यांनी सिद्ध केलंय’, अशा आशयाचा मजकूर सध्या फिरतोय. तो चुकीचा आहे, आणि एका मोठ्या अभ्यासकावर अन्याय करणारा आहे.

गॉफमन (१९२२–१९८२) मूळचे कॅनडाचे. स्कॉटलंडच्या उत्तरेला असलेल्या शेटलंड बेटांवर राहून त्यांनी तिथल्या लोकांचं रोजचं वागणं-बोलणं टिपलं. पाहुण्यांसमोर अदबीनं वावरणारे हॉटेलातले नोकर स्वयंपाकघरात शिरले की कसे मोकळे होतात, हे त्यांनी तिथंच पाहिलं. १९५६ साली आलेल्या पुस्तकात त्यांनी यासाठी रंगमंचाची उपमा वापरली, हे खरं. पण ही उपमा म्हणजे बांधकामाची परांची आहे, ती पुढे उतरवायचीच असते, असं त्यांनी त्याच पुस्तकाच्या शेवटी स्पष्ट लिहिलंय. तेवढंच नेमकं गाळलं जातं!

त्याहून वाईट वाटतं ते त्यांचं दुसरं काम विसरलं जातं याचं. आपण एकमेकांची लाज कशी राखतो, यावर त्यांनी फार बारकाईनं लिहिलं. बोलताना कुणाची जीभ घसरली की आपण ऐकलंच नाही असं दाखवतो. हे ढोंग नव्हे, ही समोरच्याची कदर. याच विचारावर पेनेलोपी ब्राउन आणि स्टीफन लेव्हिन्सन या भाषा-अभ्यासकांनी भाषेतल्या सौजन्याचा सिद्धान्त उभारला. त्यात तमिळ बोलणाऱ्यांचाही अभ्यास आहे.