सरासरी दर, दहा सेकंदांत?

अकरावीच्या पोरांच्या ग्रुपांवरून फिरत फिरत तो मेसेज परवा माझ्याकडेही आला. 'क्वाड्रॅटिकचा सरासरी बदलाचा दर दहा सेकंदांत', आणि खाली चार युक्त्या. (क्वाड्रॅटिक म्हणजे वर्गबहुपदी, जिच्यात सगळ्यात मोठा घात क्ष² चा.) विश्रामबागला माझ्याकडे शिकवणीला येणाऱ्या निम्म्या पोरांनी त्या वहीच्या मागच्या पानावर उतरवूनही घेतल्यात, म्हणून हा खटाटोप.

पहिली: 'दोन्ही टोकांच्या किमती मिळवा, दोनानं भागा.' साफ चूक. क्ष² − ४क्ष + ७ घ्या, क्ष १ पासून ५ पर्यंत. १ ला किंमत ४, ५ ला १२. युक्तीनं उत्तर ८. ही किमतींची सरासरी झाली, दराचा इथं पत्ताच नाही. दर म्हणजे किमतीतला फरक भागिले क्ष मधला फरक. १२ वजा ४ म्हणजे ८, भागिले ४, उत्तर २. सांगलीहून साताऱ्याला किती वेगानं गेलास असं विचारलं, तर दोन्हीकडच्या मैलाच्या दगडांवरच्या आकड्यांची सरासरी कोण सांगतं का?

दुसरी: 'शेवटचा सुटा आकडा विसरू नका, उत्तर त्यावर ठरतं.' वजाबाकीत तो उडतो. ७ च्या जागी ७०० लिहा, उत्तर २ च.

तिसरी: 'दर शून्य आला म्हणजे फंक्शन स्थिर.' हे सांगलीकरानं तरी मानू नये. समजा आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी सकाळी ३८ फूट, दुपारी ४१, रात्री परत ३८. सकाळ ते रात्र सरासरी दर शून्य. पण मधे ४० फुटांची इशारा पातळी ओलांडून गेलं की! वरच्या उदाहरणातही १ ला आणि ३ ला किंमत ४ च, मधे २ ला मात्र ३.

चौथी: 'मध्यबिंदूवरचा डेरिव्हेटिव्ह काढा, तोच सरासरी दर. कुठल्याही फंक्शनला चालतं.' डेरिव्हेटिव्ह म्हणजे त्या एका बिंदूपाशी किंमत ज्या दरानं बदलते तो दर. यातलं पहिलं वाक्य वर्गबहुपदीपुरतं शंभर टक्के खरं, आणि मला विचाराल तर या धड्यातली सगळ्यात देखणी गोष्ट हीच. अ·क्ष² + ब·क्ष + क मध्ये म पासून न पर्यंतचा फरक येतो अ(न² − म²) + ब(न − म). त्याला (न − म) नं भागलं की उरतं अ(म + न) + ब. मध्यबिंदू (म + न)/२, आणि तिथला डेरिव्हेटिव्हही अ(म + न) + ब च. आपल्या गणितात मध्य ३; २ × ३ − ४ = २. जुळलं.

दुसरं वाक्य मात्र थाप आहे. क्ष³ घ्या, ० ते २. सरासरी दर ८ भागिले २, म्हणजे ४. मध्य १, तिथला डेरिव्हेटिव्ह ३. घन दिसला की युक्ती बाजूला ठेवायची आणि निमूट भागाकार करायचा.