कोपर टेनिसने नाही, गटिंगने जातं

‘टेनिस खेळा, दहा वर्षं जास्त जगा’ हा मेसेज अधूनमधून ग्रुपवर फिरतो. आकडा हवेतला नाही. कोपनहेगनच्या साडेआठ हजार लोकांवर 25 वर्षांपर्यंत नजर ठेवून केलेला अभ्यास 2018 मध्ये आला. बैठ्या लोकांपेक्षा टेनिसवाल्यांचं आयुर्मान 9.7 वर्षांनी जास्त दिसलं, बॅडमिंटनवाल्यांचं 6.2, जॉगिंगवाल्यांचं 3.2. पण ज्याला कोर्टाची फी परवडते आणि जोडीदार मिळतो, त्याचं मुळातच बरं चाललेलं असतं. सगळं श्रेय रॅकेटला नको. तरी चार-पाच सेकंद जोरात पळणं, मग थोडा दम खाणं, हे तासभर चालतं, हृदयाला याहून चांगलं काय हवं? खेळणाऱ्या हाताचं हाड तर दुसऱ्यापेक्षा जाड होतं.

खरी गडबड चाळिशीत पहिल्यांदा रॅकेट घेणाऱ्यांची होते. टीव्हीवरच्या खेळाडूची रॅकेट, तिला पॉलिस्टरचं गटिंग (रॅकेटच्या जाळीच्या तारा, म्हणजे ‘गट’, ताणून बसवणं), तेही 55 पाउंडांच्या ताणावर. पॉलिस्टर हे गट तोडणाऱ्या दणकट पोरांसाठी असतं. ते कडक, आणि न तुटताही महिन्या-दोन महिन्यांत मरतं, म्हणजे त्याची लवचीकता जाते. त्यात एकहाती बॅकहँड उशिरा लागला, चेंडू शरीराच्या मागे भेटला, की सगळा धक्का मनगट वर उचलणाऱ्या स्नायूवर जातो. तो कोपराच्या बाहेरच्या हाडाला जिथे चिकटतो, तिथेच दुखतं. हाच टेनिस एल्बो. (सचिनला 2004 मध्ये हेच झालं, हातात बॅट असून.)

मल्टिफिलामेंट (बारीक धाग्यांचं, मऊ) गट घ्या, 48-50 पाउंडांच्या ताणावर. ग्रिप धरल्यावर बोटांची टोकं आणि तळहात यांच्यामध्ये दुसऱ्या हाताची तर्जनी जेमतेम मावली पाहिजे. मावत नसेल तर ग्रिप बारीक आहे, तुम्ही ती नकळत आवळणार. मुठीवर एक ओव्हरग्रिप (गुंडाळायची पातळ पट्टी) चढवा.

दुखायला लागलंच तर हात टेबलावर, मनगट कडेबाहेर, तळवा खाली. एक किलोचं डंबेल दुसऱ्या हाताने वर न्या आणि दुखऱ्या हाताने पाच मोजत खाली सोडा. 15 वेळा, तीन सेट, रोज. बारीक दुखलं तर चालेल, कळ नको. फरक पडायला सहा ते बारा आठवडे लागतात. स्टिरॉइडच्या इंजेक्शनने झटपट बरं वाटतं, पण वर्षभराने पाहिलं तर ते न घेतलेलेच बऱ्या स्थितीत असतात.

रनिंगचे शूज कोर्टवर नकोतच. त्यांची टाच उंच आणि कडा मऊ, आडवं थांबताना घोटा मुरगळतो.

आणि पोटरी. सकाळच्या गारव्यात थेट सर्व्हला उभं राहायचं, ड्रॉप शॉटवर (जाळीजवळ हळूच टाकलेल्या चेंडूवर) झेपावायचं आणि मागून कुणी दगड मारल्यासारखं वाटून वळून बघायचं. मागे कुणी नसतं, स्नायू फाटलेला असतो. पालथं झोपवून कुणाला तरी पोटरी दाबायला सांगा. पाऊल हललं नाही तर पोटरीला टाचेशी जोडणारी जाड दोरी (अकिलीस टेंडन) तुटलेली असू शकते. मग बर्फ लावत बसू नका, त्याच दिवशी ऑर्थोपेडिककडे जा.