एकच पॅकेज, चार किमती

बाबांनी धाकट्या बहिणीसाठी एका विवाह-संकेतस्थळाचं तीन महिन्यांचं पॅकेज घेतलं. पडद्यावर 5,000 दिसत होते, शेवटच्या पानावर 18 टक्के जीएसटी लागून 5,900 झाले. 'सवलत संपायला 14 मिनिटं' असं घड्याळ पळत होतं, म्हणून रात्री अकराला घाईघाईने पैसे भरले. दुसऱ्या दिवशी मी पाहिलं, तेच घड्याळ पुन्हा 14 मिनिटांवरून पळतंय!

माझ्या लॅपटॉपवर तेच पॅकेज 3,600. मैत्रिणीच्या मोबाइलवर 4,200. डोकंच फिरलं. तीन संध्याकाळी वही घेऊन बसले. फोन कोणता, वय काय टाकलं, पगाराचा रकाना भरला की सोडला, सगळं लिहून काढलं. अ‍ॅपवर महाग असेल तर एक वेळ समजू शकते, अ‍ॅप स्टोअरचं कमिशन 15 ते 30 टक्के असू शकतं. पण एकाच घरात, एकाच वेळी, दोन लॅपटॉपवर दोन किमती कशा? शेवटी पैसे भरायच्या पानापर्यंत जाऊन मुद्दाम बंद केलं. तिसऱ्या दिवशी मेसेज: 'फक्त तुमच्यासाठी 2,900'.

म्हणजे जो टाळाटाळ करतो त्याला स्वस्त, आणि ज्याने पहिल्याच दिवशी विश्वास ठेवला त्याला 2,100 रुपये जास्त! बाबांनी नोकरी, उत्पन्न, घर स्वतःचं की भाड्याचं, सगळं प्रामाणिकपणे भरलं होतं. त्यावरून किंमत ठरते का, हे मी कस्टमर केअरला सरळ विचारलं. 'मॅडम, ऑफर डायनॅमिक असते.' बस्स, एवढंच उत्तर. अरे, पाच रुपयांच्या बिस्किटाच्या पुड्यावर एमआरपी छापावी लागते, आणि तुम्ही मुलीच्या लग्नाची काळजी लागलेल्या माणसाला खरी किंमत सांगणार नाही?

वर 'आपोआप नूतनीकरण'च्या चौकटीत टिक आधीच केलेली. रिझर्व्ह बँकेच्या नियमामुळे असे पैसे कापण्याच्या 24 तास आधी कळवावं लागतं, म्हणून मेसेज आला आणि मी ते बंद केलं. बाबांनी तो मेसेज उघडलासुद्धा नव्हता. खोटी घाई, पूर्ण रक्कम शेवटी दाखवणं, सबस्क्रिप्शनमध्ये अडकवून ठेवणं, या सगळ्याला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 2023 मध्येच 'डार्क पॅटर्न', म्हणजे ग्राहकाला फसवणाऱ्या क्लृप्त्या, म्हणून मनाई केली आहे. तरी राजरोस चाललंय! मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या नंबरवर तक्रार नोंदवली आहे, वहीतल्या तारखा आणि स्क्रीनशॉट तयार आहेत.

सगळ्यात जास्त संताप कशाचा येतो सांगू? बाबा म्हणाले, "माझंच चुकलं गं, नीट वाचलं नाही." नीट वाचलं होतं हो त्यांनी. चष्मा लावून, दोनदा.